झाकण हळूहळू फिरवा

खरं सांगतो, हे मी लिहिणारच नव्हतो.

दोनदा सुरुवात केली, दोनदा पुसून टाकलं. एक तर मी लेखक नाही. टायपिंग करतो, पानं लावतो, बास. दुसरं म्हणजे यात मी केलेली एक घाण आहे. ती गाळून पुढचं गोड गोड तेवढं सांगायचं... नाही जमत. पण तळमजल्यावरचा माझा मित्र (कागदाच्या घड्या घालायचं मशीन चालवतो, म्हणून आम्ही त्याला घडीच म्हणतो) परवा वैतागून म्हणाला, "लिहून टाक रे बाबा एकदाचं! रोज चहाच्या वेळी मलाच ऐकावं लागतं."

तर, लिहितो.

तिची-माझी पहिली भेट जिन्यात झाली. मी दुसऱ्या मजल्यावरच्या विम्याच्या ऑफिसात नोकरीचा अर्ज द्यायला आलो होतो आणि मोजण्यात चुकून तिसऱ्यावर पोचलो. लिफ्ट बंद. मी धापा टाकतोय. आणि समोर, दरवाजाबाहेर, एक मुलगी जमिनीवर मांडी घालून बसलेली. भोवती टेबलफॅनचे सुटे भाग पसरलेले, केसांत पेन्सिल खोचलेली.

"तुम्ही इथले नाही ना?" तिनं वर न बघता विचारलं.

"नाही, मी विम्याच्या—"

"छान. टेबलफॅन कधी जोडलाय?"

"नाही."

"त्याहून छान. बसा."

अनोळखी मुलगी इतक्या खात्रीनं "बसा" म्हणाली की माणूस बसतो. मी बसलो. तिनं एक कागद हातात दिला. "हा वाचायचा आणि लिहिलंय तेवढंच करायचं. स्वतःचं डोकं चालवायचं नाही."

"ते जमेल मला," मी म्हणालो.

ती हसली नाही. पण ओठांचा एक कोपरा जरासा हलला. तो कोपरा मी पुढे आठ महिने बघत बसणार होतो, हे तेव्हा कुठं माहीत होतं!

मागची जाळी लावा. लावली. पाती बसवा. बसवली. पुढची जाळी लावा. लावली. बटण दाबा... दाबलं मात्र, आणि आतून असा खडखडाट झाला की मी घाबरून दोन पायऱ्या खाली. ती मात्र टाळ्या वाजवत होती.

"वा! अगदी मला हवं तसं बिघडवलंत!"

"मी? कागदात लिहिलं तेच केलं!"

"तेच तर म्हणतेय. 'पाती घट्ट बसवा' हवं होतं. 'घट्ट' नसलं की माणूस नुसती ठेवून देतो."

"मग लिहिलं का नाही?"

"लिहिलं होतं हो. टाइप करणाऱ्यानं खाल्लं. कालच नोकरी सोडून गेला, सुटले." मग तिची नजर माझ्या हातातल्या पाकिटावर गेली. "तुम्हाला टायपिंग येतं?"

"एकदम!"

विम्याच्या ऑफिसात माझा अर्ज अजून पोचलेला नाही.

आमचं काम काय, ते सांगतो. नवी वस्तू आणली की खोक्यात एक बारीक घडी घातलेला कागद असतो ना — कशी वापरावी, काय करू नये — जो तुम्ही न वाचता फेकता? तो आम्ही करतो. वर साहेब, ती आणि मी. खाली छपाई आणि घडी. ती तपासनीस. पाठीमागे सगळे तिला 'कसं-बाई' म्हणायचे, कारण कुठल्याही वाक्यापाशी पेन्सिल टेकवून ती एकच विचारायची : "कसं?" दिवा लावा. कसं? पट्टा ओढा. कसा? कुठवर?

कागद छापायला जाण्याआधी तिची एक पद्धत होती. ती मजकूर मोठ्यानं वाचणार, विरामचिन्हांसकट, आणि समोर वस्तू घेऊन मी वाचलं तेवढंच करणार. "प्लग लावा पूर्णविराम. बटण उजवीकडे स्वल्पविराम म्हणजे बाणाच्या दिशेनं स्वल्पविराम फिरवा पूर्णविराम." पहिल्या आठवड्यात मला हसू आवरेना. महिनाभरात त्या आवाजातल्या पूर्णविरामाची इतकी सवय झाली की रविवार आवडेनासा झाला. घरी ताई म्हणाली, "काय रे, सुट्टीच्या दिवशी तोंड पाडून बसणारा तू पहिलाच." मी काय सांगणार? की आज कुणी मला प्लग लावायला सांगितलं नाही म्हणून?

एकदा 'झाकण काढा' आलं. मी काढलं आणि तिच्या हातात दिलं.

"माझ्याकडे का देता? 'तपासनिसाला द्या' असं लिहिलंय?"

"ठेवायचं कुठे तेही लिहिलेलं नाही."

ती कागदाकडे बघत राहिली. मग 'काढून बाजूला ठेवा' असं लिहिलं. "मुद्दा बरोबर आहे," ती म्हणाली. "हेतू तपासावा लागेल."

माझं नावही तिनंच पाडलं. एकदम. म्हणे, "तुमचं सगळं एकदम असतं. एकदम भारी, एकदम बोअर, एकदम भूक लागली. मधलं काही होतच नाही का तुम्हाला?" मग रोज सकाळी, "काय हो एकदम, कालचं पान झालं का?"

"एकदम—" जीभ चावायचो. "...झालं."

ओठांचा कोपरा हलायचा.

क्रियाविशेषण म्हणजे काय ते मला धड माहीत नव्हतं. शाळा अर्धवट. जे काही येतं ते ताईच्या जुन्या कॉम्प्युटरवर आपलं आपण शिकलेलं. हे तिला एकदा सांगून टाकलं. ती हसली नाही, कीव केली नाही. दुसऱ्या दिवशी निळ्या पुठ्ठ्याची एक जाडजूड वही आणून माझ्या टेबलावर ठेवली. कडा मऊ झालेल्या. आत शाईनं, एकसारख्या अक्षरात, शब्दांचे रकाने.

"बाबांची आहे. चाळीस वर्षं व्याकरण शिकवलं त्यांनी. वाचा, पण जपून. ही एकच प्रत आहे."

कालवाचक : आज, काल, वारंवार. स्थलवाचक : इथे, तिथे, जवळ. रीतिवाचक : पटकन, अलगद, हळूहळू. परिमाणवाचक : थोडंसं, खूप, मुळीच.

"हे बघा," ती माझ्या टेबलाला टेकून म्हणाली, "क्रियापद म्हणजे नुसता हुकूम सोडणारा साहेब. 'कर!' झालं त्याचं काम. कसं करायचं, कधी, कुठे, किती... ते खालच्या माणसांनी बघायचं. ही सगळी ती खालची माणसं. राबणारी."

"म्हणजे मी क्रियाविशेषण?"

"छे! तुम्ही केवलप्रयोगी. 'अरेच्चा', 'बापरे' यांच्या जातीचे."

आणि असं समजू नका की ती दिसेल ते क्रियाविशेषण कुरवाळत बसायची. साहेबांनी एकदा लिहिलं होतं, 'अत्यंत काळजीपूर्वक व अतिशय व्यवस्थितपणे हाताळा.' तिनं एका रेघेत सगळं उडवलं आणि वर लिहिलं, 'दोन्ही हातांनी उचला.'

"अहो, तुम्हाला तर ही आवडतात ना?"

"आवडतात म्हणूनच. कामाला आलेली ठेवायची, मिरवायला आलेली हाकलायची. जुनं व्याकरण एवढंच सांगतं. लोकांना उगाच ते छडी घेऊन उभं आहे असं वाटतं."

असं सगळं छान चाललेलं. आणि मग साहेब दोन दिवसांच्या एका शिबिराला जाऊन आले. विषय, 'थोडक्यात लिहा.' त्यातून त्यांनी एकच वाक्य आणलं.

"क्रियाविशेषण म्हणजे चरबी!" त्यांनी आल्या आल्या जाहीर केलं. "काढून टाका. सहा पानांचा कागद चार पानांत बसला पाहिजे. लोक घाईत असतात."

"घाईत असतात म्हणूनच हवीत, साहेब," ती उभी राहिली. "निवांत माणूस विचार करतो. घाईतला माणूस सांगितलं तेवढंच करतो. कसं करायचं ते आपण नाही सांगितलं, तर कोण सांगणार? शेजारीण?"

"अहो, एवढी अक्कल असते लोकांना."

"अक्कल असते. झाकणाच्या आत काय आहे ते माहीत नसतं."

साहेबांचा चेहरा पडला. भांडण तिथेच थांबलं असं मला वाटलं. पण संध्याकाळी त्यांनी मला आत बोलावलं, दार लावून घेतलं आणि म्हणाले, "तुझं डोकं चालतं. डिग्री नाही म्हणून काय झालं? कॉम्प्युटरकडूनच ही चरबी काढून घेता येईल का?"

आता इथे माझी घाण. ऐका.

तुझं डोकं चालतं, असं मला आयुष्यात कुणी म्हटलं नव्हतं. मी विरघळलो. रविवारी बसून एक छोटा प्रोग्राम लिहिला. नाव ठेवलं 'कात्री'. यादीतला शब्द दिसला की कापायचा. आणि यादी कुठून आणली? तुमच्या लक्षात आलंच असेल. निळी वही माझ्याकडेच होती. चारही रकाने, शब्द न् शब्द, मी कात्रीला खाऊ घातले.

वाटलं होतं, तिला दाखवीन, ती चिडेल, पेन्सिल केसांतून उपसेल, भांडेल... मजा येईल. शपथ, एवढंच डोक्यात होतं.

सोमवारी साहेबांनी कात्री चालवून बघितली. सहाची चार पानं झाली. त्यांनी तिला बोलावलं आणि माझ्यासमोरच सांगितलं, "महिनाअखेरीनंतर तपासनिसाचं टेबल लागणार नाही. हे काम आता मशीन करेल."

तिच्या घरी ती आणि तिचे बाबा, दोघंच. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन त्याच आठवड्यात ठरलेलं.

तिनं फक्त विचारलं, "मशीनला शब्द कुणी शिकवले?"

"आहे एक जण हुशार," साहेब गालात हसले. मी की-बोर्डमध्ये तोंड घातलं होतं.

बोलायला हवं होतं. बोललो नाही. त्या संध्याकाळी ती माझ्या टेबलापाशी आली, आणि मला वाटलं, कळलं हिला! पण ती म्हणाली, "वही वाचताय ना? घाई नाही. इथे कुणीतरी ती वाचतंय, एवढंच बरं वाटतं."

"हो... वाचतोय," मी म्हणालो.

इतकं हलकं आणि इतकं जड वाक्य मी पुन्हा कधी बोललो नाही.

बुधवारी ती सुट्टीवर. बाबांचं ऑपरेशन. त्या दिवशी वाफेच्या इस्त्रीचा कागद निघाला. कात्रीतून गेला, छापला गेला, घडीनं घड्या घातल्या, खोकी भरली. चारला गाडी निघणार होती. तीन वाजता मी वर एकटाच बसलो होतो. तिच्या टेबलावर नमुन्याची इस्त्री. तिची खुर्ची रिकामी. आणि काय झालं कुणास ठाऊक, मला तिचा आवाज ऐकायचा होता. नाही तर नाही, मीच तिच्यासारखं वाचायला लागलो. मोठ्यानं. वेड्यासारखं.

"टाकीत पाणी भरा पूर्णविराम." भरलं. "इस्त्री सुरू करा पूर्णविराम." केली. वाफ यायला लागली, खोली गरम कपड्यांच्या वासानं भरली. "इस्त्री बंद करा पूर्णविराम." केली. "टाकी गार होऊ द्या पूर्णविराम." थांबलो. वरून हात लावला. बाहेरचं प्लास्टिक गारच लागलं. "झाकण फिरवा पूर्णविराम."

फिरवलं. मी सगळं करतो तसं. एकदम.

फस्सकन पांढरा लोट उठला आणि माझ्या मनगटावरून गेला. मी ओरडलो, झाकण उडून खिडकीवर आपटलं. धावत जाऊन नळाखाली हात धरला. तोंड दोन विती बाजूला होतं म्हणून वाचलं. आणि मग डोक्यात प्रकाश पडला. मूळ कागद काढून बघितला. तिच्या पेन्सिलीनं तपासलेला : 'टाकी पूर्णपणे गार होऊ द्या. मग झाकण हळूहळू फिरवा.'

पूर्णपणे. मग. हळूहळू. तिन्ही मी कापले होते. तिच्याच वहीतून.

जिना कसा उतरलो आठवत नाही. खाली गाडीचं दार लावत होते.

"घडी, थांबव! गाडी थांबव!"

"का रे? आग लागली?"

मी मनगट दाखवलं. त्यानं एकदा हाताकडे बघितलं, एकदा खोक्यांकडे, आणि सरळ गाडीसमोर जाऊन उभा राहिला. "ड्रायव्हरदादा, चहा घ्या. आज कुठं जात नाही तुम्ही."

साहेब तणतणत खाली आले. "तुझीच चूक! इतक्या जोरात कोण फिरवतं?"

"मी फिरवतो, साहेब. हळू फिरवा असं लिहिलेलंच नाही. आधी होतं. आपण काढलं... नाही, मी काढलं. ही इस्त्री ज्या घरी जाईल तिथं कुणाचं तोंड असेल झाकणासमोर?"

साहेब काहीतरी बोलणार होते. अचानक त्यांचा रंगच उडाला. खिसे चाचपून त्यांनी फोन काढला. "अगं... काल आणलेली इस्त्री... हात लावू नकोस तिला! काय? उघडलंच नाहीस खोकं?" त्यांनी डोळे मिटले. "आळशी आहेस ते फार बरं आहे गं." मग ते भरलेल्या खोक्यावर मटकन बसले, आणि म्हणाले, "गाडी रिकामी करा."

तिथून मी तसाच इस्पितळात गेलो. तिला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको होतं.

बाहेर भुरभुर पाऊस होता, आत औषधांचा वास. ती बाकावर बसली होती, शेजारी एका डोळ्याला पट्टी बांधलेले बाबा. नुकतेच बाहेर आणलेले, ताठ बसलेले.

"तुम्ही? इथे?" मग तिला हात दिसला. "हे काय?"

"भाजलं. थोडंसं."

"थोडंसं हे परिमाण झालं," बाबा उघड्या डोळ्यानं माझ्याकडे बघत म्हणाले. "रीत सांगा. कसं भाजलं?"

हिचं 'कसं' कुठून आलं ते मला तिथं कळलं.

सगळं सांगितलं. शिबिर, साहेबांची स्तुती, कात्री. "आणि शब्दांची यादी... निळ्या वहीतली. सगळी मीच टाइप केली. तुमचं टेबल माझ्यामुळे जातंय, आणि सोमवारी मी तोंड उघडलं नाही."

औषधांची ढकलगाडी चुंईचुंई करत समोरून गेली. लांब गेली.

"तू?" ती शेवटी म्हणाली. "तू केलंस?"

आठ महिने तुम्ही-तुम्ही चाललं होतं. पहिल्यांदा 'तू' आलं, आणि आलं ते असं.

"ती वही मी तुला वाचायला दिली होती."

"वाचली."

"कापायला नव्हती दिली."

तेवढ्यात बाबा खाकरले. "एक मिनिट. संपूर्ण वही टाइप केलीत? स्थलवाचकसुद्धा?"

"हो, सर."

"सातव्या पानावर शाई सांडली आहे. तिथं कुणाला अक्षर लागत नाही."

"ताईचं भिंग घेऊन वाचलं."

बाबांचा चेहरा उजळला. "चाळीस वर्षांत एकानंही पूर्ण वाचली नव्हती हो!"

"बाबा!"

"मी नुसतं विचारलं."

ती माझ्याकडे बघतही नव्हती. "जा आता," ती म्हणाली. "मलम लाव." मी दारापर्यंत पोचलो तेव्हा मागून आलं, कोरड्या आवाजात, "आणि तो फोड फोडू नकोस."

मला वाटलं होतं बाहेर पडताना रडू येईल. उलट हाताची आगआग होत असताना आतून इतकं मोकळं वाटलं... तीन दिवस लपवलेलं बाहेर पडलं एकदाचं. ती माझ्याशी पुन्हा न बोलली तरी चालेल, असं म्हणत मी चाललो होतो. अर्थात ते खोटं होतं. मुळीच चाललं नसतं.

ती सोमवारी आली. साहेब स्वतः तिच्या टेबलापाशी गेले. "हे टेबल राहील. झालं गेलं विसरून जा."

"लेखी द्या," ती म्हणाली. "आणि त्यात 'कायमचं' असं लिहा."

साहेबांनी लिहून दिलं. 'कायमचं'सकट.

माझ्याशी मात्र अक्षर नाही. मी वही आणली होती, नवं कव्हर घालून. तिनं ती घेतली, ड्रॉवरमध्ये ठेवली. मी म्हटलं, कात्री आता शब्द कापत नाही, जिथं काही सांगायचं राहिलंय असं वाटतं तिथं पिवळी खूण करते आणि थांबते. नाव बदलून 'कसं' ठेवलंय. तिनं "हं" केलं. बास. मग इस्त्रीचा नवा कागद उचलला, केसांतली पेन्सिल काढली आणि समोरच्या खुर्चीकडे बोट दाखवलं.

मी बसलो.

"इस्त्री सुरू करा पूर्णविराम." तोच आवाज. माझा जीव भांड्यात पडला. "इस्त्री बंद करा पूर्णविराम. टाकी पूर्णपणे गार होऊ द्या स्वल्पविराम किमान अर्धा तास पूर्णविराम."

"अर्धा तास?"

"आज सकाळीच घातलंय. 'पूर्णपणे' तुझ्यासारख्याला पुरत नाही."

लिहिलंय तेवढंच करायचं. म्हणजे अर्धा तास आम्ही दोघं एका गरम इस्त्रीच्या दोन बाजूंना बसून राहायचं. ती खिडकीबाहेर बघत होती, मी घड्याळाकडे. दहा मिनिटं गेली.

"अजून रागावलीयस?" मला धीर करून 'तू' म्हणावं लागलं.

"टाकीला हात लाव."

लावला. "कोमट."

"मग मीही कोमट."

आणखी पंधरा मिनिटं.

"घडी सांगत होता," ती बाहेर बघतच म्हणाली, "ती कात्री तू मला चिडवायला केली होतीस म्हणे."

"थोडी साहेबांसाठी. थोडी... हो."

"मला चिडवून काय मिळतं तुला?"

"तू चिडलीस की पेन्सिल ओढून काढतेस. मग एक बट खाली येते, आणि तुला ते कळत नाही."

तिचा हात केसांकडे गेला. बट होतीच. तिनं ती मागे सारली नाही, तशीच राहू दिली.

"वाक्य पूर्ण कर," ती हळूच म्हणाली. "आधी साधं."

"मला तू आवडतेस."

"कधी? कुठे? किती?"

नेहमीसारखं धडाधड बोलून टाकणार होतो. पण थांबलो. त्या दिवशी पहिल्यांदा मी बोलण्याआधी थांबलो. "रोज," मी म्हणालो. "सगळीकडे. घरीसुद्धा, तू नसतेस तिथंसुद्धा. आणि खूप."

"एक राहिलं." आता ती माझ्याकडे बघत होती. "कसं?... एकदम?"

"नाही," मी म्हणालो. "हळूहळू."

तो ओठांचा कोपरा हलला, आणि या वेळी नुसता कोपरा नाही... सगळंच हसली ती. मग घड्याळ बघितलं, कागद सरळ केला, आणि माझा पट्टी बांधलेला हात धरून अलगद झाकणावर ठेवला. स्वतःचा काढून घेतला नाही.

"मग स्वल्पविराम झाकण हळूहळू फिरवा..."

पूर्णविराम तिनं म्हटलाच नाही. झाकण फिरलं. आतून एवढीशी वाफ निघाली, कुणी सुटकेचा श्वास सोडावा तशी.

"बाबा विचारत होते," ती म्हणाली, "तो भिंगवाला मुलगा घरी कधी येणार?"

"तू काय सांगितलंस?"

"लवकरच."

हे सगळं आज दुपारी घडीला वाचून दाखवलं. तो घड्या घालता घालता ऐकत होता. शेवटी मशीन बंद करून म्हणाला, "बरं आहे. पण तुला मी ओळखतो. तिला दाखवायच्या आधी घाबरशील, आणि त्या सोमवारी गप्प बसलास तेवढं हळूच कापशील."

त्यानं बरोबर ओळखलं होतं, कारण सकाळीच तेवढ्या ओळी मी निवडून ठेवल्या होत्या. पुसायचं बटण दाबायचं बाकी होतं.

तर घडी, हा घे शब्द. उद्या सकाळी हे सगळं, जसंच्या तसं, मी तिच्या टेबलावर ठेवीन. शेजारी टोक काढलेली पेन्सिल ठेवीन. तिला जे कापायचं ते तिनं कापावं. मी यातलं मुळीच काही कापणार नाही.